हात लावायला तिकीट : ग्लॉस्टरच्या गाईची गोष्ट



कृषी पर्यटनावरचा आपला कार्यक्रम झाला, तेव्हापासून गटागटांतून एकच प्रश्न येतोय. शेळीला हात लावायला, कोंबड्यांना दाणे टाकायला माणसं खरंच पैसे देतात का? एकीने तर हसत हसत विचारलं, मग आमच्या गोठ्यातलं शेण काढायचे किती द्याल? आम्हीही हसलो. पण मग बसून वाचलं, माहिती काढली, आणि लक्षात आलं की शेण काढायलासुद्धा लोक येतात, आणि त्यांच्या येण्याचे पैसे भरले जातात. हे कसं सुरू झालं ते आज सांगतो. त्यासाठी इंग्लंडमधल्या एका गाईच्या मागे मागे जावं लागेल.

इंग्लंडच्या पश्चिमेला ग्लॉस्टरशर नावाचा जिल्हा आहे. सेव्हर्न नदीचं खोरं, गवताळ कुरणं, सफरचंदाच्या बागा. तिथली जुनी गाय म्हणजे ग्लॉस्टर. रंगाने गडद तपकिरी, जवळजवळ काळपट. पाठीवरून शेपटीपर्यंत पांढरा पट्टा ओढलेला, पोटही पांढरं. शिंगं पांढरी आणि टोकं काळी. दूध द्यायची, औताला चालायची, आणि तिच्या दुधाचं चीज त्या जिल्ह्याच्या नावाने विकलं जायचं. आपल्याकडे देवणी जशी दुधालाही आणि कामालाही, तशीच ही.

या गाईची एक आठवण थेट आपल्या आज्यांच्या दंडापर्यंत येऊन पोचते. त्याच जिल्ह्यात बर्कली नावाच्या गावात एडवर्ड जेन्नर हे डॉक्टर राहायचे. तो काळ देवीच्या साथींचा. माणसं मरायची, वाचली तर तोंडावर व्रण घेऊन जगायची. पण धार काढणाऱ्या बायकांना माहीत होतं, की ज्या बाईला गाईच्या सडावरच्या फोडांची लागण होते, म्हणजे गाईच्या देवी होतात, तिला माणसांच्या देवी येत नाहीत. १७९६ च्या मे महिन्यात सारा नेल्म्स नावाची एक गवळण हातावर असे फोड घेऊन जेन्नरकडे आली. ज्या गाईपासून तिला ते झाले तिचं नाव ब्लॉसम, म्हणजे मोहर. ती ग्लॉस्टर जातीची होती असं सांगतात. १४ मे रोजी जेन्नरने साराच्या हातावरच्या फोडातलं पाणी काढून जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाला टोचलं. मुलाला देवी आल्या नाहीत. इंग्रजीत लसीला ‘व्हॅक्सिन’ म्हणतात, तो शब्द लॅटिनमधल्या गाईच्या नावावरून आला. सहा वर्षांनी, १४ जून १८०२ रोजी, मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती लस टोचली गेली. हिंदुस्थानातली ती पहिली. ब्लॉसमचं कातडं आजही लंडनच्या सेंट जॉर्जेस या वैद्यकीय महाविद्यालयात जपून ठेवलेलं आहे.

पुस्तकांत जेन्नरचं नाव मोठ्या अक्षरात असतं आणि साराचं एका ओळीत. रोज पहाटे सडाला हात लावणाऱ्या बायकांचं ज्ञान मात्र डॉक्टरच्या आधीचं होतं, एवढं नोंदवून पुढे जाऊ.

एवढी नावाजलेली गाय पुढे मागे पडली. जास्त दूध देणाऱ्या जाती आल्या. विसाव्या शतकात काळ्या-पांढऱ्या फ्रिजियन गाई कुरणं भरून उभ्या राहिल्या. आपण एचएफ म्हणतो त्याच घराण्यातल्या. दुसऱ्या महायुद्धात अन्नाची टंचाई सोसल्यामुळे सरकारचं सगळं लक्ष उत्पादन वाढवण्यावर होतं. १९५५ साली डुकरांच्या बाबतीत एका सरकारी समितीने सांगितलं, की फार जाती नकोत, शेतकऱ्यांनी तीनच जातींवर भर द्यावा. सल्ला वाईट हेतूने दिलेला नव्हता. पण त्यानंतर बाकीच्या डुकरांना कोण विचारणार? लिंकनशर कर्ली कोट नावाचं मेंढीसारखे कुरळे केस असलेलं एक डुक्कर होतं, ते १९७० च्या सुमारास कायमचं गेलं. १९०० ते १९७३ या काळात ब्रिटनमधल्या २६ देशी जाती नाहीशा झाल्या अशी तिथली नोंद आहे. त्यांना कुणी ठरवून मारलं नव्हतं. त्यांना ठेवायचं कारणच कुणाकडे उरलं नाही.

ग्लॉस्टर गाईचंही तेच व्हायचं. पण आर्लिंगहॅम गावाजवळ विक कोर्ट नावाचं एक जुनं घर होतं आणि तिथे डाउड्सवेल घराण्यातल्या दोघी बहिणी या गाई पाळत होत्या. जिल्ह्यात त्या जातीचा नाव घेण्यासारखा एवढाच कळप शिल्लक राहिला. आजूबाजूच्यांनी गोठे बदलले, यांनी बदलले नाहीत. १९७२ साली त्यांचा कळप विकायला निघाला. तो खाटकांच्या हाती गेला असता तर आजची गोष्ट इथेच संपली असती. पण घेणारी माणसं वेगळी भेटली, आणि ती का भेटली हे समजायला आधी गाईला हात लावायच्या तिकिटाकडे वळायला हवं.

कारखाने वाढले तशी इंग्लंडमधली माणसं फार लवकर शहरात गेली. आज आपल्याकडे मुंबई-पुण्यात जी पिढी आहे, दूध पिशवीतून येतं एवढंच माहीत असलेली, ती तिथे शंभर वर्षांपूर्वीच तयार झाली होती. १९३८ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने मुलांसाठी वेगळा विभाग उघडला. तिथे मुलांना साध्या, गरीब स्वभावाच्या प्राण्यांजवळ जाता येई, त्यांना हात लावता येई. त्याच वर्षी अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातही असा विभाग निघाला. वाघ-सिंह पिंजऱ्याबाहेरून पाहायचे आणि शेळीला जवळ जाऊन कुरवाळायचं. ज्या घरात चार पिढ्यांत गोठा नव्हता, तिथल्या पोराला शेळीसुद्धा सिंहाइतकीच नवलाची.

त्याच संस्थेने व्हिप्सनेड येथे देशी गाई-मेंढ्यांचे काही दुर्मीळ कळप सांभाळले होते. पुढे त्यांना ठेवायला जागा राहिना, तेव्हा ते जो हेन्सन या शेतकऱ्याच्या शेतावर आले. हा माणूस पिढीजात शेतकरी नव्हता. वडील लेस्ली हेन्सन हे रंगभूमीवरचे नावाजलेले विनोदी नट. मुलाला मात्र जनावरांचं वेड. कॉट्सवोल्डच्या टेकड्यांत त्याने एका मित्राबरोबर शेत खंडाने घेतलेलं. जनावरं आली, पण खाऊ काय घालायचं? दूध कमी, मांस कमी, बाजारात भाव नाही. ज्याने कधी भाकड जनावर दावणीला ठेवलं आहे त्याला हा हिशेब सांगायला नको.

हेन्सनने १९७१ साली शेत लोकांना पाहायला खुलं केलं आणि तिकीट लावलं. कॉट्सवोल्ड फार्म पार्क हे त्याचं नाव, दुर्मीळ जनावरांचं अशा तऱ्हेचं पहिलं शेत. लांब लोकरीच्या कॉट्सवोल्ड मेंढ्या, ठिपक्यांची डुकरं, मोठ्या शिंगांचे बैल. लोक गाड्या भरून आले. वसंतात मेंढ्या वितात ते पाहायला मिळे, पोरांना पाजऱ्या कोकराला बाटलीने दूध पाजायला मिळे. बाजारात जिला किंमत नव्हती, तिच्या वैरणीचे पैसे तिला पाहायला येणाऱ्याने दिले. बापाचं नाटक आणि मुलाची शेती इथे एकत्र आली असं आम्हाला वाटतं. प्रेक्षकाला काय हवं असतं ते त्याला घरातूनच कळलेलं असणार.

म्हणून १९७२ मध्ये डाउड्सवेल बहिणींच्या गाई विकायला निघाल्या तेव्हा गिऱ्हाईक म्हणून अशा जातींची कदर असलेले लोक आले. दुसऱ्या वर्षी, १९७३ मध्ये, ग्लॉस्टर गाई पाळणाऱ्यांची जुनी संस्था पुन्हा उभी राहिली. त्याच साली दुर्मीळ जाती वाचवण्यासाठी रेअर ब्रीड्स सर्व्हायव्हल ट्रस्ट ही देशपातळीवरची संस्था निघाली आणि जो हेन्सन तिचे पहिले अध्यक्ष झाले. त्यानंतर ब्रिटनमधली एकही देशी जात नाहीशी झालेली नाही, असं ही संस्था सांगते. चार्ल्स मार्टेल या शेतकऱ्याने या गाईंच्या दुधाचं जुन्या पद्धतीचं चीज पुन्हा बनवायला घेतलं. म्हणजे पाहुणे हा एकच खांब नव्हता, पदार्थाचाही आधार मिळाला. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण पाहुणे कधीही थांबू शकतात. २००१ साली तिथे लाळ्या-खुरकताची मोठी साथ आली. साठ लाखांहून जास्त जनावरं मारून टाकावी लागली. गावांतल्या पायवाटासुद्धा लोकांना बंद झाल्या. पर्यटनावर जगणाऱ्या शेतांना त्या हंगामात कुणी विचारलं नाही.

आता शेणाचा प्रश्न. १९७६ साली क्लेअर मॉर्पर्गो आणि त्यांचे पती मायकेल या दोघांनी डेव्हनमध्ये नेदरकॉट नावाच्या शेतावर एक काम सुरू केलं. दोघंही शिक्षकी पेशातले. पैसा क्लेअरच्या वारशातला, तिच्या वडिलांनी पुस्तकांची मोठी कंपनी काढली होती. कल्पना अशी की शहरातल्या शाळेतली मुलं शिक्षकांबरोबर आठवडाभर शेतावर राहायला येतील, पण पाहुणी म्हणून नाही. सकाळी उठून कोंबड्या सोडायच्या, अंडी गोळा करायची, डुकरांना खाणं घालायचं, आणि हो, गोठा झाडून शेण काढायचं. ‘फार्म्स फॉर सिटी चिल्ड्रन’ असं त्या संस्थेचं नाव. मायकेल मॉर्पर्गो पुढे मुलांचे मोठे लेखक झाले. त्यांनी अनेकदा सांगितलेली एक आठवण आहे. एक मुलगा इतका अडखळत बोलायचा की शाळेत तोंडच उघडायचा नाही. एका संध्याकाळी तो तबेल्याच्या दाराशी उभा राहून घोड्याशी न अडखळता बोलत होता, दिवसभरात काय काय केलं ते सांगत होता. घोडा मान पुढे करून ऐकत होता. त्यांच्या ‘वॉर हॉर्स’ या कादंबरीला यातून धीर मिळाला असं ते सांगतात. ती १९८२ साली आली.

आणि या संस्थेचं तिसरं शेत कुठलं असेल? विक कोर्ट. त्या दोघी बहिणींचं घर. जिथे ग्लॉस्टर गाईंचा शेवटचा कळप होता तिथे आता शहरातली मुलं गमबूट घालून जनावरांना चारा घालतात.

इथवर ऐकून कुणाला वाटेल, चला, बोर्ड लावूया. थांबा. दुसरी बाजूही त्याच देशातली आहे.

२००९ च्या उन्हाळ्यात लंडनच्या दक्षिणेकडे सरे जिल्ह्यातल्या अशाच एका शेतावर येऊन गेलेली मुलं आजारी पडू लागली. जुलाब, त्यात रक्त. ई. कोलाय ओ १५७ नावाचा जंतू निघाला. एकूण ९३ जणांना लागण झाली, बहुतेक लहान मुलं, आणि त्यांतल्या काहींच्या मूत्रपिंडावर परिणाम झाला. हा जंतू गाय, शेळी, मेंढी यांच्या आतड्यात असतो आणि जनावर मात्र धडधाकट दिसतं. शेणातून तो अंगाच्या केसांवर, कुंपणाच्या बांबूवर, बुटाच्या तळव्यावर येतो. मूल कोकराला कुरवाळतं आणि त्याच हाताने बिस्कीट खातं. पुढच्या वर्षी चौकशीचा अहवाल आला. सगळा भर एका साध्या गोष्टीवर होता : जनावराजवळ जाणं आणि खाणं या दोन जागा वेगळ्या हव्यात, आणि मधे साबण-पाण्याचा नळ हवा. हातावर चोळायच्या जेलने हे काम होत नाही. नळ मुलाच्या उंचीचा असावा हेही महत्त्वाचं, नाहीतर पाच वर्षांचं पोर हात धुणार कसं?

आपण म्हणू, आमची पोरं गोठ्यातच वाढली, काही झालं नाही. रोजच्या सवयीच्या शरीराचं वेगळं आणि शहरातून एक दिवस आलेल्या तीन वर्षांच्या बाळाचं वेगळं, एवढं उत्तर पुरे. पण एक सूचना अशी आहे की ती पाहुण्यांपेक्षा आपल्यालाच जास्त लागू पडते. इंग्लंडचं आरोग्य खातं दर वर्षी मेंढ्या विण्याच्या हंगामात गरोदर बायकांना बजावतं, की वीत असलेल्या मेंढी-शेळीजवळ जाऊ नका, नुकत्याच जन्मलेल्या कोकराला हात लावू नका, वार उचलू नका. त्यातून होणाऱ्या काही लागणींमुळे गर्भ पडू शकतो. आपल्याकडे शेळी रात्री वितेय आणि घरात दुसरं कुणी नाही म्हणून पोटुशी सूनच हात घालते. आपल्या गटात किती जणींना हे कुणी सांगितलं होतं? शेळी गाभडली असेल तर पशुवैद्यकाला बोलवा, आणि गरोदर बाईला त्या रात्री गोठ्यापासून लांब ठेवा. पर्यटन करा न करा, हे करा.

आपल्याकडे हा धंदा कसा आला? ऐंशीच्या दशकात नेरळजवळ शेखर भडसावळे यांची सगुणा बाग सुरू झाली. म्हशीच्या पाठीवर बसून पाण्यात जाणं ही तिथली गंमत मुंबईकरांना फार आवडली. २००५ च्या सुमारास बारामती तालुक्यात पांडुरंग तावरे यांनी कृषी पर्यटनाचा प्रयोग केला आणि पुढे बऱ्याच शेतकऱ्यांना त्याकडे वळवलं. २०२० साली महाराष्ट्र शासनाने कृषी पर्यटन धोरण आणलं, आता पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. हुरडा पार्टी, बैलगाडी, चुलीवरची भाकरी आणि गोठ्यात फोटो, हे आता सगळ्यांना माहीत झालंय.

पण गोठ्यात काय बांधलंय, हे कुणी विचारत नाही. बऱ्याच ठिकाणी पाहुण्यांपुढे एचएफ आणि संकरित गाई असतात, पांढरे ससे असतात, कुठे शहामृग. आपल्या राज्यात लाल कंधारी, देवणी, डांगी, गवळाऊ, खिल्लार या गाई आहेत. पंढरपुरी, नागपुरी, मराठवाडी म्हशी आहेत. उस्मानाबादी, संगमनेरी शेळ्या आहेत, दख्खनी मेंढी आहे. ट्रॅक्टर आल्यावर खिल्लार बैलाचं औताचं काम गेलं. शर्यतीमुळे खिल्लार टिकला असं शर्यतवाले सांगतात. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या, २०२१ च्या डिसेंबरात अटींवर परवानगी दिली, २०२३ मध्ये राज्याचा कायदा मान्य केला. शर्यत चांगली की वाईट यावर आमच्या गटातच दोन तट आहेत, तो वाद आज नको. पण जनावर ठेवायला काहीतरी कारण लागतं, हा त्यांचा मुद्दा खोटा नाही. ग्लॉस्टर गाईची सगळी गोष्ट तेच सांगते. डांगी गाईचं चिकट तेलकट अंग पावसात कसं निभावतं, पंढरपुरी म्हशीची शिंगं खांद्यामागे कुठवर जातात, हे पाहायला आणि हात फिरवायला माणसं येतील. शहामृग त्यांना दुसरीकडेही दिसतो.

पाखरांचंही बोलायला हवं. कोंबडी, बदक, पाळीव टर्की यांना दाणे घालू द्या, अंडं उबेतून उचलू द्या. पोपट पिंजऱ्यात ठेवणं मात्र वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, मोराचं पिल्लू पाळणंही. हा कायदा १९७२ चा आहे, तरी काही ठिकाणी पिंजरे टांगलेले दिसतातच. शिरूर तालुक्यातल्या मोराची चिंचोलीला लोक मोर बघायला जातात. तिथे मोर शेतात, चिंचेच्या झाडांत मोकळा असतो. माणूस लांब उभा राहतो.

आणि ज्या जनावराला हात लावायचा त्याची मर्जी? दिवसभर पन्नास पोरांनी उचललेलं करडू संध्याकाळी दूध पीत नाही, हे आपल्याला दिसतं, मालकाला दिसत नाही. त्याला मागे जाऊन बसायला आडोसा हवा, दोन-चार तासांनी पाळी बदलायला हवी. कधी थांबायचं हे तिकीट फाडणारा ठरवणार की धार काढणारी? इथे आमचं मत पक्कं आहे. सातबारा बहुतेक घरांत पुरुषाच्या नावावर, नोंदणीला जमिनीचे कागद लागतात, त्यामुळे केंद्र त्याच्या नावावर होतं आणि शेण, धार, पाहुण्यांचा स्वयंपाक आपल्याकडे येतो. पण शेळ्या-कोंबड्या पुष्कळदा बाईच्या मालकीच्या, बचत गटाच्या कर्जातून घेतलेल्या असतात. तर करडू दाखवण्याचे, दूध पाजू देण्याचे पैसे वेगळे लिहा आणि ते गटाच्या खात्यात घ्या. सुरुवातीलाच ठरवा, नंतर ठरत नाही.

ग्लॉस्टर गाय आजही ब्रिटनच्या दुर्मीळ जातींच्या यादीत आहे. वाचली, पण अजून मोजकीच. तिथले लोक प्रत्येक गाईची वंशावळ लिहून ठेवतात, आई कोण, बाप कोण. आपल्यापैकी कुणाच्या दावणीला देवणी, लाल कंधारी किंवा डांगी असेल तर तिची माहिती आम्हाला लिहून किंवा बोलून पाठवा : ती कुणाच्या माहेरून आली, तिची आई किती वेत दूध द्यायची, कोणत्या वळूची. नाव असेल तर नावासकट. पुढच्या महिन्यात ती माहिती आपण एकामागून एक वाचून दाखवू.